मोठ्या पेटीच्या पाच तारा

चेन्नई,
७ जानेवारी २०२५

अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. फोन असताना ही कागद का काळा करते म्हणशील. तुमच्याकडे फोन वाजला की सूनबाई तो स्पीकरवर टाकते आणि अख्खं घर ऐकत बसतं. इकडे माझा फोन सदा हरिणीच्या हातात. काही गोष्टी सुनेच्या आणि लेकीच्या कानावर न पडलेल्या बऱ्या. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. चर्चची झाडलोट करते म्हणून आवारातली ही खोली मिळाली, त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत हरिणीला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. हे गेल्यावर एन्नोरला होतो तेव्हाचं आठवतं ना? कारखान्याची राख ताटात पडायची आणि पोरीची छाती शिट्टीसारखी वाजायची. इथून तिला तांबरमच्या कॉलेजलाही सरळ गाडी आहे. ही खोली आहे म्हणून मी आहे असं समज.

सध्या इथं मोठी गडबड. चर्चमधल्या ऑर्गनबद्दल तुला बोलले होते. मी त्याला मोठी पेटीच म्हणते. दाजी दुरुस्त करतात ती पेटी मांडीसमोर मावते, ही भिंतभर आहे. दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून आली म्हणतात. आत नळ्याच नळ्या, काही करंगळीएवढ्या, काही छपराला टेकलेल्या. मार्चमध्ये ती सगळी सोडवून दुरुस्तीला नेणार आहेत. परत कधी येईल, आली तरी हाच आवाज राहील का, कुणी सांगत नाही. म्हणून त्याआधी तिचं वाजणं रेकॉर्ड करून ठेवायचं आहे. बेंगळुरूहून वेंकट नावाचा माणूस माईक घेऊन येतोय.

वाजवणार आसीर्वादम अय्या. अय्या म्हणजे इकडे मोठ्या माणसाला म्हणतात तसं. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, पंधराव्या वर्षापासून हीच पेटी वाजवतात. चार गाणी ठरली आहेत. त्यातलं एक त्यांनी स्वतः बांधलेलं, कागदावर कुठंच नाही, नुसतं हातात आहे.

एक विचारायचं होतं. आमच्या भजनातल्या एका बाईनं पेटी साफ करताना आतल्या पितळेला चिंचेचं पाणी लावलं, आणि तिथल्या तारा जरा टकटक करून सरळ केल्या. त्यानं पेटीला काही होतं का? दाजींना सहज विचार. माझं नाव घेऊ नको. माझा काही संबंध नाही, तरी नको घेऊ. लवकर लिही.

सई


मिरज,
१६ जानेवारी

सई,

तुला आणि हरिणीला आशीर्वाद. सोबत चार दाणे तिळगुळाचे घातले आहेत, वाटेत चुरा झाला असला तर चुराच खा, पण गोड बोल. तुला ते कठीण जातं, माहीत आहे मला.

तुझा प्रश्न दाजींना विचारला. आधी ते पोट धरून हसले. "पितळेच्या पातीला चिंच? मग मीठ आणि फोडणीही घालायची होती म्हणावं." पातीला आंबट लागलं तर ती खराब होते म्हणाले. मग एकदम हसायचे थांबले. म्हणाले, "तारा कसल्या? आपल्या पेटीत सूर लावायला तार नसते. पात घासून सूर लावतात. तार असते ती चर्चच्या पेटीत. कोल्हापूरकडं एकदा मी अशी उघडली होती. नळीच्या बुडाशी पितळेची जीभ असते आणि तिच्यावर तारेचा आकडा दाबून बसवलेला असतो. तो केसभर खाली गेला तरी सूर चढतो. कुणी ठोकला असेल तर त्या बाईला सांग, गाव सोड."

हे ते चेष्टेत म्हणाले, पण मला चेष्टा वाटेना. सूनबाई विचारायला लागली कुणाची पेटी, कुठली बाई. मी म्हटलं, आमच्या भिशीतली.

सई, भजनात तू कधी गेलीस? लहानपणी आईनं ओढून नेलं तरी तू देवळाच्या पायरीवर बसून बोरं खायचीस. ती बाई कोण, खरं सांग. मला इथं जेवण जात नाही.

तुझी अक्का


चेन्नई,
२३ जानेवारी

अक्का,

ती बाई मी. घे, आता ओरड.

झालं ते असं. वर्ष लागता लागता केरळहून मिस्त्री आला होता. चार दिवस बसून त्यानं सगळी पेटी सुरात लावली आणि भुसा, दोऱ्या, तेलाच्या बोटांचे ठसे टाकून निघून गेला. इकडे पोंगलची साफसफाई सुरू. अय्यांनी मला आतल्या दाराची किल्ली दिली. ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही असा नियम आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात, वाकवत नाही. म्हणाले, "सईअम्मा, भुसा तेवढा काढा. नळ्यांना हात लावू नका."

ऐकलं मी. बहिरी नाही. पण आत गेले तर भोंग्यासारख्या नळ्यांची एक रांग, प्रत्येकीच्या बुडाशी पितळेचा आकडा, काळा ठिक्कर. मेणबत्त्यांच्या समया घासायला चिंच भिजवलेलीच होती. दाजींच्या दुकानात मी लहानपणापासून पेट्या उघडलेल्या बघितल्या, मला वाटलं मला कळतं. घासले. चकचकीत झाले. मग बघते तर एक आकडा वर, एक खाली, एक मधेच. म्हटलं, मिस्त्री लोक काम अर्धं टाकून पळतात. ब्रशच्या मुठीनं टकटक करून पाच आकडे एका ओळीत आणले. सहाव्याला हात घातला आणि बाहेर पाण्याची गाडी आली, म्हणून धावले. गाडी उशिरा आली असती तर सगळी रांग गेली असती.

सोमवारी वेंकट आला. माईक लावले, पंखे बंद केले. अय्या त्यांचं ते स्वतःचं गाणं वाजवायला बसले. अक्का, मधेच असा आवाज निघाला की दात आंबले. परत तसाच. अय्यांनी हात उचलले आणि पट्ट्यांकडे बघत राहिले. वेंकटनं आत जाऊन मोबाईलवर फोटो काढले आणि मिस्त्रीला पाठवले. मिस्त्रीचा लगेच फोन. पाच तारा कुणीतरी ठोकल्यात. किल्ली कुणाकडे असते?

किल्ली अय्यांकडे. आणि मिस्त्री काम करत होता तेव्हा त्या दोघांचं वाजलंही होतं. अय्या सगळ्यांसमोर म्हणाले होते, सूर चढे लावताय, याच्यापेक्षा मी लावीन. आता सगळे म्हणतात, म्हातारबुवांनी हट्टानं हात घातला आणि वाट लावली. कमिटीच्या सेक्रेटरी नित्या मॅडम तर तोंडावर म्हणाल्या, "अय्या, वय झालं की माणसानं ओळखावं."

मिस्त्री मार्चशिवाय येत नाही. आता दुसरा वाजवणारा आणायचं चाललंय. तो ती नळ्यांची रांग बंद ठेवून छापील तीन गाणी वाजवेल. अय्यांचं गाणं त्या रांगेशिवाय होत नाही, म्हणून ते गेलंच. नऊ फेब्रुवारीला रविवारी मीटिंग आहे, तिथं ठरणार.

आणि अय्या एक शब्द बोलत नाहीत. मी बादली घेऊन कोपऱ्यात उभी होते. त्यांनी जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बस. ते मीटिंगची वाट बघतायत, सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. घेतलं की खोली गेली. दारावर कुणी टकटक केलं तरी माझे पाय गार पडतात. हरिणी विचारते, आई, तुला ताप आहे का?

काय करू? उलट टपाली लिही.

सई


मिरज,
३० जानेवारी

सई,

तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं आणि पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं. दाजींना दाखवलं नाही. तुला चांगलं बोलायला हवं होतं, पण ते नंतर.

नीट ऐक. तोंड उघडू नको. तुझं कुणी नाव घेतलं नाही, तू का घेतेस? तो म्हातारा आज आहे उद्या नाही, त्यांची चार गाणी राहिली तर जग बुडत नाही. पोरगी तुझी आहे. एन्नोरला तिला ऑक्सिजन लावला होता तेव्हा मी मिरजेहून आले होते, विसरलीस? तिचे ओठ निळे झालेले मी बघितले आहेत. मला पाप लागायचं तर लागू दे, पण मी तुला गप्प बस असंच सांगणार.

दाजींकडून गोष्टी गोष्टीत एक काढून घेतलं. मी म्हटलं, त्या भिशीवाल्या बाईनं तारा परत जागेवर आणल्या तर? ते म्हणाले, तार वर्षानुवर्षं एका जागी बसली की तिथं खूण पडते, वरचा भाग काळा, खालचा दाबातला उजळ. ती खूण बघून तार परत तिथं आणली तर सूर पुष्कळसा जागेवर येतो. जमलं तर कुणी नसताना जा, खुणेवर आण आणि बाहेर पड. जमत नसलं तर हात लावू नको.

हरिणीला यातलं काही सांगू नको. मी शनिवार धरले आहेत.

अक्का


चेन्नई,
८ फेब्रुवारी

अक्का,

तुझ्या शनिवारांचा काही उपयोग झाला नाही.

काल दुपारी गेले. दुपारी अय्या घरी जाऊन झोपतात आणि किल्ली चर्चमध्येच त्यांच्या छत्रीशेजारी खिळ्याला असते. ती घेतली. कुलपात किल्ली दोनदा निसटली. आत गेले, मोबाईलची बॅटरी लावली, खूण शोधायला वाकले. आणि मला रडूच फुटलं. खूण कुठली असणार? काळं-उजळं जे काय होतं ते सगळं मीच चिंचेनं घासून टाकलेलं. पाचही तारा लग्नातल्या भांड्यासारख्या चमकतायत. कुठून कुठं आणायच्या?

तेवढ्यात दाराशी काठी वाजली. "यारु?" म्हणजे कोण आहे. मी श्वास धरून बसले, उंदरासारखी.

"सईअम्मा, बाहेर या. आत हवा नाही."

अय्या होते. मी बाहेर आले. तोंडाला कोळ्याची जाळी, हातात त्यांची किल्ली. ते बाकावर बसले आणि मला समोर बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "आत रसमचा वास येत होता. मी पेटीत बसून रसम करत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमची खोली गेली असती. नाही बोललो तर माझी गाणी. गाणी चौसष्ट वर्षं वाजवली की."

अक्का, इतके दिवस मी या माणसाला घाबरून पाणी प्यायले नव्हते. मला वाटत होतं हा माझ्या गळ्याला फास तयार करतोय. आणि हा माझ्यासाठी गप्प. मला इतका राग आला, काय सांगू. मी तिथंच तोंड सोडलं. म्हटलं, तुम्हाला कुणी उपकार करायला सांगितले होते? मी मागितले होते का? तुम्हाला लोक थेरडा म्हणतात, हट्टी म्हणतात, आणि मी तुमच्यासमोर रोज फरशी पुसायची, हे कसं गिळायचं मी?

ते हसले. "तुम्ही रागावलात की तमिळ चांगलं बोलता."

मग त्यांनी दोन्ही हात समोर धरले. पानासारखे थरथरत होते. म्हणाले, पट्ट्यांवर ठेवले की थांबतात, हवेत धरले की कापतात, म्हणून तारा मला स्वतःला लावता येत नाहीत. कानाला कळतं, हाताला जमत नाही. दुसऱ्या कुणाचा हात असता तर लागल्या असत्या. पण पेटीला हवा देणारी मोटार लावल्याशिवाय नळी बोलत नाही, आणि मोटारीच्या खोलीची किल्ली त्या दिवसापासून नित्या मॅडमच्या पर्समध्ये. चोरून काही होण्यासारखं नाही.

उठताना म्हणाले, "रविवारी मी किल्ली परत देतो आणि घरी जातो. तुम्ही कॉफी द्यायला या, नेहमीसारख्या."

हे पत्र टपालात टाकून येईन तेव्हा रविवारला एक रात्र राहील. हरिणी शेजारी बसून अभ्यास करते आहे. मी तिच्या श्वासाकडे कान लावून बसले आहे, आज चांगला चाललाय. मी उद्या काय करीन मला माहीत नाही. मला भीती वाटते, अक्का. बोलले तरी वाटते, नाही बोलले तरी वाटते.

सई


मिरज,
१४ फेब्रुवारी

सई,

तुझं पत्र आज दुपारी आलं. म्हणजे रविवार होऊन गेला. जे झालं ते झालं आणि मला इथं काहीच माहीत नाही. फोन करावा म्हणून तीनदा हातात घेतला, तिन्ही वेळा सूनबाई समोर. बोललीस का? खोली आहे का? हरिणी कशी आहे?

मी तुला गप्प बस म्हटलं. अजूनही तेच म्हणेन. फक्त त्या म्हाताऱ्यांचं, तुझी खोली जाऊ नये म्हणून गप्प बसले, हे वाचल्यापासून माझं मन लागत नाही. शिव्या देणारं माणूस बरं असतं गं, त्याला उलट शिव्या तरी देता येतात.

दोन ओळी लिही. नुसतं बरं आहे एवढं लिहिलंस तरी चालेल.

अक्का

(सई, हे दाजी. तुझी अक्का पाणी आणायला गेली आहे. पत्रं पिठाच्या डब्यात ठेवते आणि डबा गिरणीवर मला न्यायला लावते. सगळी वाचली. पेटीवाल्या माणसाला तू सूर बिघडवलास म्हणणं म्हणजे सोनाराला भेसळ केलीस म्हणणं. तो माणूस ते घेऊन जगत नाही. तू सांगून टाक. आणि तार लावायची वेळ आलीच तर एकटीनं लावू नको. पट्टी दाबून ऐकणारा वेगळा, ठोकणारा वेगळा, तसंच करतात. एकदम ठोकू नको. केसभर. चुकलीस तर घाईनं मागं घेऊ नको, आधी ऐक.)


चेन्नई,
२ मार्च

अक्का, दाजी,

दोघांना एकच पत्र, आता लपवायचं काही राहिलं नाही. दाजी, तुमचा सल्ला आला तो सगळं झाल्यावर आला. तरी बरोबर होता.

मीटिंगला मी कॉफीचा ट्रे घेऊन गेले. सात माणसं. नित्या मॅडम म्हणाल्या, "अय्या, किल्ली ठेवा." त्यांनी खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली. इतकी हळू ठेवली की आवाजसुद्धा झाला नाही. ते उठायला लागले, काठी सापडेना, कुणी उठून दिली नाही. मी ट्रे खाली ठेवला. मी म्हटलं, "नान दान." मीच केलं. मग थांबायला येईना. किल्ली मी घेतली, चिंच मी लावली, तारा मी ठोकल्या, त्यांनी नको सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वाक्यं तमिळ का मराठी मला ठाऊक नाही.

एक साहेब हसले, "चिंच?" म्हणाले. नित्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "वीस दिवस तुम्ही हे बघत होता?" मी हो म्हटलं. "आणि अय्या, तुम्ही?" अय्या काठीच शोधत राहिले. मॅडम म्हणाल्या, एका चुकीसाठी मी कुणाला काढत नाही, पण वीस दिवस लपवणाऱ्या माणसाला आवारात ठेवता येणार नाही. मुलीची परीक्षा होऊ दे, एप्रिलअखेर खोली सोडा.

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी ट्रे उचलून कप गोळा करायला लागले.

अय्यांनी तिथं एकच मागितलं. एक तास मोटार आणि ही बाई. मॅडम नाही म्हणाल्या, पुन्हा नाही म्हणाल्या. मीटिंगला वेंकटही आला होता, तो म्हणाला, आणखी काय बिघडणार आहे, मॅडम? तेव्हा पर्समधून किल्ली निघाली.

सोमवारी मी आत, अय्या बाहेर पट्ट्यांवर. त्यांनी एक पट्टी दाबून धरली. नळी माझ्या कानाशी अशी ओरडली की मी ब्रश टाकून दिला. "घाबरू नका," बाहेरून आवाज. मी मनात म्हटलं, तुम्ही या आत आणि मग सांगा. ते म्हणायचे "मेले", म्हणजे वर, मी तार वर घ्यायची. "कीळे", म्हणजे खाली. "कोंजम", म्हणजे जरासं. जरासं म्हणजे किती, बाबा? मुंगीच्या पायाएवढं? पहिली तार लागायला वीस मिनिटं गेली. लागली तेव्हा मला न सांगताच कळलं, कानातली सुई काढल्यासारखं झालं. दुसरी, तिसरी. चौथीला हात निसटला आणि आवाज इतका चढला की बाहेर वेंकट "अय्यो" म्हणाला. मला वाटलं संपलं. अय्या तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "मेले." ती आली परत. पाचवी येईना. जवळ आली, तास संपत आला, केसभर राहिली ती राहिली. अय्या म्हणाले, "पोदुम." पुरे.

शुक्रवारी, तू ते पत्र लिहीत होतीस त्याच दिवशी, सकाळी गाड्यांची गर्दी व्हायच्या आत रेकॉर्डिंग झालं. मला आणि हरिणीला अंगणात कावळे हाकलायला उभं केलं होतं. तोंडानं ओरडायचं नाही, नुसते हात हलवायचे. हरिणीला आदल्या रविवारीच सांगितलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही, मग म्हणाली, "एन्नोरला जायचं नाही, आई. दुसरीकडं कुठंही." मी बरं म्हटलं. आपण नाही म्हणून काय होतं? तांबरमला दोन जागा बघितल्या. एकीनं नवरा कुठं विचारलं आणि दार लावलं. दुसरी जागा गोदामासारखी, खिडकी नाही. एप्रिल काही लांब नाही.

अय्यांचं गाणं शेवटी घेतलं. मी कावळे विसरून दारात उभी राहिले. ते हात खरंच पट्ट्यांवर थांबतात, अक्का. मला गाण्यातलं काय कळतं? मी एकेक तार मोजत होते. पहिली आली, बरोबर. दुसरी. चौथी. आणि पाचवी आली ती केसभर आंबट. वेंकटनं हात वर करून धरला, आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग म्हणाला, "अय्या, एकदा परत घेऊ. तो एक सूर."

अय्यांनी हात मांडीवर घेतले होते, ते परत कापायला लागले होते. "नाही," म्हणाले. "झालं ते ठेवा."

मी पुढं जाऊन म्हणाले, घ्या ना अय्या, मी परत आत जाते, लावते ती. त्यांनी मान हलवली. "तुम्हाला अजून तासभर लागेल, सईअम्मा. माझ्याकडं तेवढे हात नाहीत."

तसंच ठेवलंय. पेटी काल सोडवायला घेतली. नळ्या कापडात गुंडाळून आवारात ओळीनं ठेवल्या आहेत, मी तिकडं फिरकत नाही. वेंकटनं ते गाणं हरिणीच्या फोनवर पाठवलं. ती संध्याकाळी पुस्तकं खोक्यात भरते आणि ते लावते. तिला आवडतं. चुकलेलं तिला काहीच ऐकू येत नाही. मी चुलीपाशी असते. चौथी तार गेली की हातातलं भांडं घट्ट धरते, आणि पुढची येऊन जाईपर्यंत धरूनच ठेवते.

सई